जड पाणी, पण कुणासाठी?

गेल्या वर्षी उन्हाळ्यात सलग तीन महिने मी वीकेंडला काहीच लिहिलं नव्हतं. दोन-तीन मित्रांनी विचारलं, "काय रे, रिलीज चालू आहे का?" रिलीज नव्हतं, ऑनकॉल नव्हता, आळस नेहमीइतकाच होता. खरं कारण तेव्हा सांगायला लाज वाटली, म्हणून आता सांगतो. कारण होतं मासे.

तर झालं असं. आमचं घर जुळे सोलापुरात. मागे थोडा परस, त्यात एक लिंबाचं झाड, दोन नारळ आणि एक बोअर. अप्पांनी आयुष्य रंगखात्यात काढलं. आधी गिरणीत, आणि गिरणी बंद पडल्यावर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका छोट्या डाइंग युनिटमध्ये. सूत रंगवणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर पहिली काही वर्षं ते रोज सकाळी अंघोळ करून, शर्ट घालून, खुर्चीत बसून राहायचे, जणू कुणीतरी बोलवायला येणार आहे. मग एके दिवशी फोनवर म्हणाले, "परसात हौद बांधतोय. मासे पाळणार." मला बरं वाटलं. आईलाही.

हौद आठ बाय पाच फूट, अडीच फूट खोल. म्हणजे साधारण पावणेतीन हजार लिटर. सिमेंटचं काम चकाचक. गवंडी गेल्यावर आठवड्याभरात बोअरचं पाणी भरलं, आणि बारा गोल्डफिश आणून सोडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाराही वर तरंगत होते.

शेजारच्या काकांनी कुंपणावरून निदान केलं. "पाणी जड हाय की ओ आपलं. त्यात माणसाचा साबण फेसाळंना, मासं कुठलं जगतंय?"

अप्पांनी मान डोलवली. त्यांना हे पटणारच होतं. या जड पाण्याशी त्यांचं तीस वर्षांचं वैर होतं.

मला मात्र तो शब्द अडकला. जड. लहानपणापासून ऐकत आलोय. बादलीला पांढरा थर, गिझरच्या कॉइलवर दगड, केस राठ, डाळ शिजत नाही. पण जड म्हणजे नक्की काय, आणि ते कुणी ठरवलं? मी सॉफ्टवेअरवाला. एखाद्या बगला सगळे एकाच दोषीचं नाव देतात, तेव्हा मला आधी लॉग बघायची सवय आहे. आणि सोलापूरच्या पाण्याचे लॉग आठ-नऊशे वर्षं मागे जातात.

*

सुरुवात दगडापासून. सोलापूर बसलंय ते दख्खनच्या काळ्या कातळावर, बेसाल्टवर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचले, त्याचा हा कातळ. त्यातल्या खनिजांमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. पावसाचं पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं, आणि दगडातून ही खनिजं हळूहळू विरघळवत नेतं. पाण्यातलं हे कॅल्शियम-मॅग्नेशियम म्हणजेच त्याचा जडपणा. कोकणातही हाच कातळ आहे, पण तिथे पाऊस धो धो पडून सगळं समुद्रात धुवून नेतो. सोलापूरला मुंबईच्या एक तृतीयांशही पाऊस नाही आणि ऊन मात्र रग्गड. त्यामुळे जे विरघळलं ते जमिनीतच घोटाळत राहतं. काळ्या मातीत पांढऱ्या चुनखडीचे खडे सापडतात ना, ते यातलंच उरलेलं कॅल्शियम. आपल्या जुन्या लोकांनी तीच चुनखडी भाजून चुना केला आणि त्या चुन्यात वाडे, विहिरी बांधल्या. म्हणजे गिझरची वाट लावणारा पदार्थ आणि विहिरीचे दगड धरून ठेवणारा पदार्थ एकच.

पण तेव्हा कुणी त्याला जड म्हणून मोजत नव्हतं. पाण्याची परीक्षा जिभेवर व्हायची. विहीर गोडी, सवळ किंवा मचूळ. आणि दुसरी परीक्षा चुलीवर. या विहिरीच्या पाण्यात तूरडाळ शिजते, त्या विहिरीच्या पाण्यात शिजत नाही. हे अगदी बरोबर आहे बरं का. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं, म्हणून डाळ फुटत नाही. चिमूटभर सोडा टाकणाऱ्या आज्या केमिस्ट होत्या, फक्त पगार नव्हता.

पाणी सुधारण्याचे उपायही जुने आहेत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी कसं शोधावं यावर एक अख्खा अध्याय लिहिलाय, आणि त्यात विहिरीत टाकायचं एक चूर्ण दिलंय. त्यात नागरमोथा, वाळा, आवळा आहे आणि निवळीचं बीही आहे. गढूळ, कडू, खारट पाणी यानं चांगलं होतं, असं तो म्हणतो. निवळीनं गाळ खरोखर खाली बसतो. पण विरघळलेलं कॅल्शियम काही तिला दाद देत नाही. गाळ म्हणजे पाण्यात तरंगणारी गोष्ट, जडपणा म्हणजे पाण्याचाच भाग झालेली गोष्ट. हा फरक कळायला अजून हजारेक वर्षं लागायची होती.

मासे या गोष्टीत कुठे येतात? तेही सोलापूरजवळच येतात. इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण. तिथला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी ओव्यांचा जुना उल्लेख ज्यात सापडतो, तोच हा ग्रंथ. शंभर अध्याय. त्यात पिण्याच्या पाण्याचे प्रकार सांगणारा एक अध्याय आहे, आणि 'मत्स्यविनोद' नावाचा आणखी एक. माशांच्या जाती, त्यांना काय खायला घालावं, गळ कसा असावा, आमिष कोणतं. १९५१ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे तेव्हाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी या अध्यायावर निबंध लिहिला, म्हणून तो मत्स्यशास्त्रवाल्यांना माहीत झाला. गंमत बघा, राजाला माशांची इतकी काळजी, पण ती त्यांना पकडण्यासाठी. पिण्याचं पाणी एका अध्यायात, मासे दुसऱ्या अध्यायात. दोन मॉड्यूल्स, मध्ये इंटरफेस नाही.

त्याच बाराव्या शतकात सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदवून घेतला, अशी परंपरा आहे. आज देवळाला वेढून आणि भुईकोट किल्ल्याला खेटून पसरलेला तो सिद्धेश्वर तलाव. संक्रांतीच्या गड्ड्याला गेलेल्या प्रत्येक सोलापूरकरानं लहानपणी त्यात माशांना चुरमुरे टाकलेले असतात. मीही टाकलेत. तलावातलं पाणी मुख्यत: पावसाचं, जमिनीवरून वाहत आलेलं. कातळात फार मुरलेलं नाही, म्हणून विहिरीपेक्षा हलकं. सोलापूरला पाणी साठवायची अक्कल होती, ती अशी.

*

मग इंग्रज आले आणि पाण्याला मोजमाप आलं. शहराच्या ईशान्येला हिप्परग्याजवळ अदिला नदी अडवून एकरूख तलाव बांधला, १८६६ ते १८७१ या काळात. दोन किलोमीटरहून लांब मातीचा बांध, उंची एकवीस मीटरच्या आसपास. हेतू शेतीचा. दुष्काळी मुलखात पिकाला पाणी. पुढे शहराच्या नळालाही याच तलावाचं पाणी आलं. इथे पाण्याचा प्रश्न एकच होता, किती? कसं, हा प्रश्न अजून यायचा होता.

तो आणला वाफेनं. १८६० मध्ये सोलापूरपर्यंत रेल्वे आली होती, आणि १८७७ मध्ये, ऐन मोठ्या दुष्काळात, मोरारजी गोकुळदासांची गिरणी सुरू झाली. तीच आपली जुनी मिल. इंजिन असो की गिरणी, दोघांच्या पोटात बॉयलर. आणि बॉयलरला जड पाणी अजिबात चालत नाही. पाणी तापलं की कॅल्शियम कार्बोनेट आतल्या बाजूला दगडासारखं चिकटतं, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, कोळसा जास्त जळतो, आणि पत्रा तापून फुटायची भीती.

या दुखण्याचं निदान तोवर तिकडे झालेलं होतं. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या थॉमस क्लार्क या रसायनशास्त्रज्ञानं १८४१ मध्ये पाणी हलकं करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पद्धत ऐकून हसू येतं. पाण्यातला चुना काढायचा असेल तर पाण्यात चुना टाका! म्हणजे चुन्याची निवळी टाकली की पाण्यात विरघळलेला बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन खाली बसतो. जडपणा मोजायची त्याची युक्ती तर अजून साधी. बाटलीत पाणी घ्या, साबणाचं द्रावण थेंब थेंब टाका, हलवा. फेस टिकला की थांबा. किती साबण लागला, तितकं पाणी जड. त्याच्या नावानं मोजमापाचा अंशही आहे, 'क्लार्क अंश'.

हे मी फोनवर अप्पांना वाचून दाखवलं. पलीकडे दोन क्षण शांतता.

"मी हेच करायचो," अप्पा म्हणाले. "रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी. बाटली, साबण, हलवायचं. माझ्या वस्तादानं शिकवलं होतं. हे एवढं जुनं आहे होय?"

मला त्यांचं काम आयुष्यात पहिल्यांदा नीट कळलं ते त्या फोनवर. सूत रंगवताना पाण्यात कॅल्शियम असलं तर ते साबणाशी, रंगाशी जुळून चोथा करतं. चोथा धाग्यावर बसतो, रंग फाकतो, चादरीत पट्टा दिसतो. सोलापुरी चादर म्हणजे गडद रंग आणि जॅकार्डची नक्षी. त्यात एक पट्टा फिका पडला तर अख्खा माल नापास. म्हणून रंगखात्यात सॉफ्टनर. १९०० नंतरच्या दशकात जर्मनीत रॉबर्ट गान्स यानं ही युक्ती उद्योगात आणली. पाणी एका विशिष्ट दाण्यांच्या थरातून सोडायचं. दाणे कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. दाणे भरले की साध्या मिठाच्या पाण्यानं धुवायचे, परत ताजे. अप्पांच्या आठवणीत मिठाच्या गोण्यांची थप्पी आहे. "लोकांना वाटायचं गिरणीत लोणचं घालतात," ते म्हणाले.

*

आता घरातल्या जड पाण्याकडे. कारण गिरणीला सॉफ्टनर होता, घरी काय होतं?

घरी आड होता. वीस-तीस फुटांवर पाणी लागायचं. मग १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, आणि लोक कातळात खोल भोकं पाडायला लागले. इथे सोलापूरचं नाव जगाच्या नकाशावर गेलं, आणि आपल्याला पत्ताही नाही. खोल बोअरवर तेव्हा जे ओतीव लोखंडी हातपंप बसायचे ते अंगणातल्या एका घरापुरते बनवलेले. गावातल्या शेकडो माणसांनी दिवसभर हापसलं की मोडायचे. सोलापूर वेल सर्व्हिस या इथल्या संस्थेत साठच्या दशकाच्या शेवटी एक दणकट पंप तयार झाला, पोलादी, दांड्याला एकच खिळ आणि साखळी. त्याचं नावच 'सोलापूर पंप'. पुढे १९७० च्या दशकात युनिसेफच्या पुढाकारानं त्याच कल्पनेवरून 'इंडिया मार्क टू' हा हापसा बनला, आणि तो भारतात आणि आफ्रिकेत लाखोंनी बसला. आजही खेड्यात जो हापसा दिसतो, त्याचा आजोबा सोलापूरचा.

हापशाचं पाणी खोलातलं, कातळाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलेलं, म्हणून आडापेक्षा जड. मग लोकांनी ते का घेतलं? कारण नारू. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचं, पाय पाण्यात बुडायचे, आणि पाण्यातल्या सूक्ष्म सायक्लॉप्समधून नारूचा जंतू पोटात जायचा. वर्षभरानं पायातून हातभर जंत बाहेर. महाराष्ट्र हा नारूग्रस्त राज्यांपैकी एक होता. हापशाच्या झाकलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नाही, नारू नाही. देशात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. ज्या आजीनं नारू काढताना पाहिला होता, तिला हापशाच्या पाण्यात डाळ शिजत नाही ही तक्रार फारच छोटी वाटली असणार.

इथे मला पहिल्यांदा शंका आली. जिभेला पाणी सवळ, डाळीला कडक, बॉयलरला घातक, रंगाला वाईट, पण नारूच्या भीतीनं जगणाऱ्या माणसाला वरदान. प्रत्येक पिढी पाण्याची परीक्षा आपल्या सोयीनं घेते. मग माशाची परीक्षा कोणती? ती तर कुणीच विचारलेली नाही.

*

तोवर परसात वेगळंच घडलं होतं. अप्पांनी ओळखीतून एक जुना सॉफ्टनर मिळवला, मिठाची गोणी आणली, हौद रिकामा केला आणि हलकं केलेलं पाणी भरलं. बाटलीत साबण घालून फेस पाहिला. पहिल्याच थेंबांना फेस. मला फोटो पाठवला. फेसाचा फोटो! कित्येक वर्षांनी त्यांच्या आवाजात पाळीवरचा माणूस होता. नवे दहा मासे आले. तीन आठवडे छान पोहले. मग एप्रिलच्या उन्हानं पाणी हिरवं झालं, आणि एका दुपारी चारच्या सुमारास सगळे मेले. सकाळी सगळे ठणठणीत होते.

त्या रात्री आईचा फोन आला. "हे जेवले नाहीत. म्हणतात, मला आता पाणीसुद्धा कळेनासं झालं."

मी शुक्रवारी हुतात्मा पकडली.

येताना तपासणीची पेटी नेली होती. जडपणा मोजायचं द्रावण ईडीटीएचं. १९४० च्या दशकात श्वार्झेनबाख या स्विस शास्त्रज्ञानं ही रीत काढली आणि साबणाची बाटली प्रयोगशाळेतून गेली. थेंब टाकत जायचे, लालसर पाणी निळं झालं की थांबायचं. बोअरचं पाणी निघालं लिटरला साडेपाचशे मिलिग्रॅमच्या आसपास. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला दोनशेपर्यंत उत्तम, आणि दुसरा स्रोत नसेल तर सहाशेपर्यंत चालतं. म्हणजे जड होतंच. हौदातलं पाणी जवळजवळ शून्य. अप्पांचा सॉफ्टनर उत्तम चालला होता.

मग पीएच. सात म्हणजे मध्यम, त्यावर एकेक अंक म्हणजे दहापट अल्कलीपणा. बोअरचं पाणी साडेसातच्या जवळ. हौदातलं सकाळी साडेआठ, दुपारी चारला दहा! दहा अंकाला मासा जगत नाही.

वाचून वाचून जे समजलं ते असं. हिरवं शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, त्यानं पीएच वर चढतो. पाण्यात कॅल्शियम असेल तर ते मध्येच कार्बोनेट होऊन खाली बसतं आणि चढण रोखली जाते. तो नैसर्गिक ब्रेक असतो. सॉफ्टनरनं बायकार्बोनेट तसाच ठेवला आणि कॅल्शियम तेवढं काढून घेतलं. गाडी तीच, ब्रेक काढला. शिवाय पीएच चढला की माशांच्या विष्ठेतला अमोनिया जास्त विषारी रूपात येतो. आणि त्याहून मूळ गोष्ट म्हणजे गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारं असतं, त्याच्या कल्ल्यांतून क्षार सतत गळत असतात. पाण्यातलं कॅल्शियम ते पडदे घट्ट ठेवतं, गळती कमी करतं. मत्स्यतळ्यात पाणी फार हलकं असेल तर शेतकरी मुद्दाम जिप्सम टाकतात. म्हणजे पैसे खर्चून पाणी जड करतात!

आणि पहिले बारा? त्यांचा गुन्हेगार जड पाणी नव्हताच. कोरं सिमेंट. ताज्या सिमेंटमधून चुना पाझरतो आणि पीएच आभाळाला जातो. आठवड्याभराच्या हौदात कुठलंही पाणी भरलं असतं, अगदी गंगेचं, तरी तेच झालं असतं.

आता हे अप्पांना सांगायचं कसं? दोन वाक्यांत सांगितलं तर अर्थ एवढाच होतो की तुमची आयुष्यभराची विद्या इथे चालली नाही, उलट तिनंच मासे मारले. रविवारी दुपारभर मी विषय टाळत होतो. शेवटी चहा पिताना वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, आकडे वाचले, परत वाचले.

"म्हणजे माझं पाणी बरोबर होतं," ते म्हणाले.

"हो अप्पा. एकदम बरोबर होतं."

"सुतासाठी."

"सुतासाठी."

बराच वेळ ते हौदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सूत कुठं श्वास घेतंय."

*

पुढचं सोपं होतं, फक्त घाई चालत नव्हती. शेजारच्या काकांनीच सांगितलं, नव्या हौदात केळीचे खांब चिरून टाका, जुने लोक तेच करतात. टाकले. पाणी काळंकुट्ट, वास अफाट. ते उपसलं, भरलं, परत उपसलं. महिनाभरानं हौदातला पीएच बोअरच्या पाण्याशी जुळला. मग साधं बोअरचं पाणी, अर्ध्या हौदावर हिरवी नेट, एका कोपऱ्यात कमळाची कुंडी म्हणजे शेवाळाला ऊन कमी. सॉफ्टनर झाकून ठेवला.

एक सापळा मात्र राहतो, आणि तो आमच्या धंद्यातल्या लोकांना लगेच कळेल. सोलापूरच्या उन्हाळ्यात हौदातून रोज सेंटीमीटरभर पाणी उडतं. वाफ होते ती पाण्याची, क्षारांची नाही. आपण बोअरचं पाणी टाकून पातळी भरतो, म्हणजे दर वेळी नवे क्षार आत, बाहेर काहीच नाही. मेमरी लीक! हिशेब केला तर महिन्याला अर्ध्या किलोहून जास्त खनिज हौदात जमतं. म्हणून नुसती भर घालायची नाही. आठवड्याला आधी दहावा हिस्सा पाणी काढून नारळांना द्यायचं, आणि मग भरायचं. सगळं पाणी एकदम बदलायचं नाही, माशाला जडपणापेक्षा अचानक बदल जास्त मारतो. नळाचं पाणी वापरायचं असेल तर क्लोरीन जाईपर्यंत ते उघडं ठेवायचं. खाणं चिमूटभरच, कारण इथल्या पाण्यात अमोनिया लवकर बाधतो. आणि पाऊस आला की गच्चीचं पाणी थोडं थोडं हौदात. सिद्धेश्वर तलावाचीच युक्ती, पावणेतीन हजार लिटरची.

मासे या वेळी विकत आणले नाहीत. डासांच्या अळ्या खायला हिवताप खातं गप्पी मासे देतं, ते आणले. हा मासा मूळचा त्रिनिदाद, व्हेनेझुएलाकडचा. त्रिनिदादहून लेचमियर गप्पी नावाच्या गृहस्थानं नमुने लंडनला पाठवले आणि १८६६ मध्ये तिथल्या तज्ज्ञानं त्याला गप्पीचं नाव दिलं. त्याच वर्षी इथे एकरूखच्या बांधाचं काम सुरू झालं होतं. आणि गप्पीची आवड काय? जड पाणी. हलक्या पाण्यात तो मलूल होतो. सोलापूर त्याला सासर नाही, माहेर वाटलं असणार :-)

वीस आणले होते. पाऊस संपेपर्यंत मोजणं सोडून द्यावं लागलं. दिवाळीत चार गोल्डफिशही सोडले, ते अजून आहेत.

परवा गेलो होतो. हौदाच्या आतल्या कडेला पाण्याच्या वर पांढरा पट्टा उमटलाय, गेल्या उन्हाळ्याचा. त्याखाली दुसरा, या वर्षीचा. आई म्हणाली, घासून टाका, घाण दिसतंय. अप्पा नको म्हणाले. "राहू दे. किती उडालं ते कळतं."

सकाळी उठलो तर ते हौदापाशी उभे होते, अंघोळ करून, शर्ट घालून. हातात बाटली. पाणी घेतलं, साबणाचे थेंब टाकले, हलवलं. फेस आला नाही. त्यांनी अजून थोडा साबण घातला, मोजला, आणि वहीत आकडा लिहिला. त्यांना आता फेस नको असतो. कालच्याइतकाच साबण लागला की ते खूश असतात.

असो. सोमवारची पहाटेची हुतात्मा गाठायची होती, त्यामुळे गप्पा अर्ध्यावर राहिल्या. पुढचा वीकेंड परत तिकडेच.